भागी सुगरण आणि ओढ्याकाठचं कुंपण

बाळांनो, एका जंगलात भागी नावाची सुगरण राहत होती. तिला दोन पिल्लं होती आणि दोघांनाही भूक फार लागायची.

भागी मुंगूसशेठसाठी खोपे विणायची. एका खोप्याला एक कणीस. हा भाव भागीच्या आईच्या वेळेपासून तोच होता. फक्त कणसातले दाणे दर साली थोडे कमी व्हायचे.

पुढे समुद्रापलीकडच्या श्रीमंत बगळ्यांना खोप्यांचं वेड लागलं. ते त्यात राहत नसत, दिवाणखान्यात टांगत. शेठजींची कोठारं भरली. जंगलाचे अर्थतज्ज्ञ घुबडपंत आनंदानं म्हणाले, "आता आपल्याकडे डोईमागे एक पोतं ज्वारी आहे!"

"माझं पोतं कुठंय हो?" भागीनं विचारलं.

"शेठजींच्या कोठारात. तुझ्या खोप्यात मावलं असतं का?"

भागी शेठजींकडे गेली. "शेठजी, जरा वाढवा की. पिल्लं उपाशी झोपतात."

शेठजींचे डोळे पाणावले. "वाढवलं असतं गं. पण ओढ्यापलीकडच्या सुगरणी अर्ध्या कणसात विणतात. तरी मी तुला कामावर ठेवलंय."

तेवढ्यात निवडणूक आली. साळिंदरभाऊ काटे फुलवून गरजले, "तुमचं कणीस कुणी खाल्लं? ओढ्यापलीकडच्यांनी! मी ओढ्याकाठी काटेरी कुंपण घालीन!"

सुगरणींनी पंख बडवले. भागीनंही त्यांनाच मत दिलं. पक्ष्यांना कुंपण कसं अडवणार, असं तुम्ही विचाराल. तुम्ही लहान आहात. मोठ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

कुंपणाचं कंत्राट मुंगूसशेठना मिळालं. विणायला सुगरणी होत्याच. जंगलासाठी त्याग म्हणून अर्ध्या कणसात.

एका दुपारी विणता विणता भागीला फटीतून पलीकडे एक चोच दिसली. तीही पलीकडून तेच कुंपण विणत होती.

"माझं कणीस खाणारी तूच ना?" भागी खेकसली.

"मी? आमचे पुढारी सांगतात, माझं तू खातेस." पलीकडची सुगरण हडकुळी होती. तिचं नाव सावळी.

"मग तू अर्ध्यात का विणतेस?"

"नाही विणलं तर शेठ सगळं काम तुमच्याकडे नेतील म्हणतात."

"कोण शेठ?"

"मुंगूसशेठ. ओढ्याखालच्या बिळातून येतात."



संध्याकाळी भागीनं सगळ्यांना गोळा केलं. "बायांनो, आपलं कणीस सावळीनं नाही खाल्लं!"

"हिला पलीकडचीचं नावसुद्धा ठाऊक!" कुणीतरी ओरडलं. मग सगळ्याच ओरडल्या, "फितूर! फितूर!"

साळिंदरभाऊंनी मान हलवली. "बघा, फट राहिली की डोकी बिघडतात. फटी बुजवा." शिक्षा म्हणून ते काम भागीलाच दिलं. पाव कणसावर.

भागी नाही म्हणणार होती. पण पिल्लांनी चोची उघडल्या होत्या. सकाळी ती गेली आणि त्या फटीत तिनं एक काडी खुपसली. पलीकडून कुणीतरी तीच काडी ओढून घेतली, नीट बसवली. दोघींनी एकमेकींना हाक मारली नाही.

तात्पर्य: कुंपण नेहमी भक्कम असावं. फट राहिली तर दोन्हीकडचे उपाशी एकमेकांची विचारपूस करू लागतात, आणि बिचाऱ्या शेठजींना घास गोड लागत नाही.