टाकीचं झाकण आणि सासूबाईंची परात

गच्चीवरच्या टाकीचं झाकण माकडांनी पळवलं, तेव्हा कांचन एवढंच म्हणाली होती, "अमीनाबादला जाताय ना, येताना एक झाकण घेऊन या." मी आणलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण मी पडलो लखनऊला रेल्वेत इंजिनियर (म्हणजे डब्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा), आणि नुकताच एक व्हिडिओ पाहून बसलो होतो. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर इपॉक्सी रेझिन (वाळलं की दगड होणारा डिंकच) चोपडायचं, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपानं आतली हवा ओढायची. हवेच्या दाबानं कापड साच्याला गच्च बसतं आणि दुसऱ्या दिवशी विमानाच्या पंखासारखी मजबूत वस्तू हातात.

"झाकण विकत आणायचं नाही," मी जाहीर केलं, "घरी करायचं."

कांचननं नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका बोलायचे कष्ट घेत नाहीत.

शहराबाहेरच्या चिनहटहून रेझिन आणि कापड आणलं, एसीवाल्या भैयाचा पंप मागून आणला. पिशवी घरचीच, रजया ठेवायची. राहिला साचा. टाकीच्या तोंडाच्या मापाची घरात एकच वस्तू होती: सासूबाईंची पितळी परात, मधोमध त्यांचं नाव कोरलेली. त्यांना ती लग्नात मामांनी दिली, त्यांनी कांचनला दिली (देताना "जपून वापरा" हे मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या). त्या परवा सांगलीहून येणार होत्या. तोवर परात मोकळी होणारच होती.

साच्याला आधी मेण लावा, असं व्हिडिओत होतं. वड्या थापताना आपण ताटाला तूपच लावतो की. मी तूप लावलं. कापड अंथरून, रेझिन चोपडून, परात पिशवीत घालून पंप सुरू केला तर पिशवी कुठूनतरी सुस्कारे सोडायला लागली. भोक सापडलं, बुजवायला काही सापडेना, म्हणून ओट्यावरची भिजवलेली कणीक थापली.

"पोळ्यांची कणीक कुठंय?" बाजारातून आल्यावर कांचननं विचारलं.

"पिशवीला लावली."

"मम्मी, पापा ने मेरी रोटी चिपका दी," अवनी म्हणाली. (कन्या लखनऊची. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन पिशवी फाडली. झाकण झकास झालं होतं, फक्त परातीतून निघत नव्हतं. बोटांनी ओढलं, उलथन्यानं उचकटलं, पालथं घालून धपाटे घातले. छिन्नी उचलली तेव्हा कांचननं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"आईची परात आहे ती," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. झाकण गेलं खड्ड्यात, मला आता फक्त परात हवी होती.

"चुकलं माझं, कांचन."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "एकात एक अडकलेले पेले कसे काढतो आपण?" टबात कढत पाणी ओतून तिनं परात त्यात ठेवली आणि आत फ्रिजमधला होता नव्हता तो बर्फ टाकला. आम्ही तिघं टबाभोवती बसलो. कट् असा आवाज झाला आणि झाकण सुटून वर आलं. परातीला ओरखडासुद्धा नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी परातीला वाकून नमस्कार केला.

"आईला कळता कामा नये," कांचन म्हणाली. तसं आमचं ठरलं. मी लगेच जाऊन झाकण टाकीवर पालथं बसवलं. ते इतकं चकाकत होतं की मी त्यात स्वतःचा चेहरा बघत राहिलो, बाकी काही बघितलं नाही.

सासूबाई आल्या. परात पाहून खूश झाल्या. मी सुटलो. मग त्या केस वाळवायला गच्चीवर गेल्या आणि वरून हाक आली, "दीनानाथराव, जरा वर या."

झाकणाच्या मधोमध ठळक अक्षरं उठली होती: 'सौ. विजया'. पण आरशात दिसावीत तशी, उलटी. (दाब अगदी बरोबर लागला होता, एवढं मान्य करायला हवं.)

"माकडांनी नेऊ नये म्हणून नाव घातलंत, ते कळलं," सासूबाई म्हणाल्या. "पण माझं कशाला?"

"तुमच्या धाकानं तरी नेणार नाहीत, असं वाटलं."

हे त्यांना पटलेलं दिसलं. "पण अक्षरं अशी उलटी का?"

मागे कांचन पदर तोंडाला लावून उभी होती. मी परातीला स्मरून म्हणालो, "मराठी लिहायची सवय मोडली, आई. ऑफिसात सगळं हिंदी नाहीतर इंग्रजी."

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. नातीला शिकवायला त्या सांगलीहून पाटी घेऊन आल्याच होत्या. आता रोज संध्याकाळी मी अवनीच्या शेजारी मांडी घालून मुळाक्षरं गिरवतो. माझी प्रगती बरी आहे, असं अवनी आजीला सांगते. हिंदीत.