जाधवकाकांची ऐकीव चित्रं

आमच्याकडे कपडे धुवायचं नवं मशीन आलं, तेव्हा शेजारचे जाधवकाका ते बघायला आले आणि मशीनकडे पाठ करून बसले. म्हणाले, "हं मंगल, सांग आता कसं आहे ते."

मी चार माणसांत तोंड न उघडणारी. म्हटलं, काका, मान वळवा की. तर म्हणे, बघितलं की मजा गेली.

या खुळाचं मूळ एका पुस्तकात आहे. ऑकलंडमध्ये बस चालवून काका रिटायर झाले आणि जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना जपानी चित्रांचं पुस्तक मिळालं. लाकूड कोरून, शाई लावून छापलेली ठशांची चित्रं. जपानात गोऱ्यांची आगगाडी नवी नवी आली तेव्हाची. काही चित्रकारांनी म्हणे गाडी पाहिलीच नव्हती, नुसती ऐकून काढली. म्हणून चाकं कशालाच जोडलेली नाहीत आणि धूर जिलबीसारखा. मला हसू आलं. काका मात्र प्रेमातच पडले. स्वतः लाकूड कोरायला बसले.

मी "आत पाणी फिरतं" एवढंच म्हटलं होतं. चित्रात माझ्या मशीनमध्ये समुद्र आला, वर एक होडी. पलीकडच्या घरातल्या, टोंगा बेटांवरच्या आजींनी गवत कापायचं मशीन सांगितलं, त्याला शिंगं फुटली. आजी हसून हसून पायरीवर बसल्या, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे एकदम झकास, म्हणाल्या आणि ते चित्र हॉलमध्ये लावलं.

गेल्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे क्राइस्टचर्चला निघाले. काका कुंपणापाशी घुटमळले. तिथे त्यांचा मुलगा राहतो. काकूंच्या आजारपणात शब्दाने शब्द वाढला, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद आहे. चार वर्षांची नात काकांनी पाहिलेली नाही.

"सहज जाऊन ये," म्हणाले.

मी गेले. मुलाने चहा दिला, बापाचं नाव काढलं नाही. मुलगी अंगणात पायाने ढकलायची स्कूटर पळवत होती.

परत आल्यावर मी फोटो काढलेला फोन पुढे केला. काकांनी तो उपडा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी बोलत सुटले. दोन वेण्या, पुढचा तुटका दात, एका पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, दुसरा पाय अनवाणी. एवढं मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

आठवड्याने चित्र आलं. स्कूटरला धुराडं होतं, ते मी धरूनच चालले होते. पण मागे एक म्हातारा वाकून स्कूटर धरून पळत होता.

म्हटलं, काका, तिच्या मागे कुणी नव्हतं.

काका बोटांची शाई पुसत राहिले.

"एवढीशी पोर, मंगल. कुणी धरायला नको?"