तात्यांचा वाटा

भारत सरकारनं सोडून दिलेलं कर्ज सोडायला साफ नकार देणारा माणूस अख्ख्या देशात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या दारात. तात्या केळकर!

आफ्रिकेतल्या एका गरीब देशाचं जुनं कर्ज आपल्या सरकारनं माफ केलं, एवढीच पेपरातली बातमी. आपण वाचतो आणि पान उलटतो. तात्या पेपर घेऊन थेट माझ्या दारात.

"अहो वहिनी, आपल्याला कुणी विचारलं? कर आपण भरायचा आणि दानशूर कर्ण बसलेत दिल्लीत! सरकारनं केलं असेल माफ. माझा वाटा मी सोडलेला नाही!"

"मग जा वसूल करायला," मी वैतागून म्हटलं. माझी कणीक तशीच पडली होती.

तर गेले की हो! तिसऱ्या मजल्यावर सॅम्युअल नावाचा तरुण भाड्यानं राहायचा. हडपसरला नव्यानं आलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, आणि नेमका त्याच देशाचा. तात्यांनी त्याला जिन्यात गाठून फर्मावलं, "रविवारी सकाळी माझ्याकडे यायचं. हप्ता ठरवू."

बिचारा आला. तात्यांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि त्याचं सरकार, आपलं सरकार, सगळ्यांची सालटी काढली. शेवटी म्हणाले, "आज काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी या." पुढच्या रविवारी तेच. पावसाळा सरला, थंडी आली, हप्ता काही ठरेना. सॅम्युअल आपला हसून म्हणायचा, "काका बोलावतात. पोहे छान."

त्याला हसू येत होतं, माझं मात्र डोकं फिरलं. आठवडाभर राबलेल्या परक्या माणसाला सुट्टीच्या दिवशी असं छळायचं? एका रविवारी मी तरातरा तात्यांच्या स्वयंपाकघरात शिरले.

"तात्या, जनाची नाही तर मनाची तरी बाळगा! ते कर्ज काढलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आज त्याला सांगून टाका, सगळं माफ. नाहीतर मी सांगते!"

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. तात्या कढईतले पोहे नुसते परतत राहिले.

"नका हो सांगू," ते हळूच म्हणाले. "ही गेल्यापासून या घरात आलंय कोण? तुम्हीसुद्धा आज भांडायलाच आलात. मी वाद घालतो म्हणून लोक मला बघून रस्ता बदलतात, कळतं मला. माफ केलं, तर तो येईल कशाला?"

तेवढ्यात बेल वाजली. तात्यांनी पंच्याला हात पुसले, घसा खाकरला आणि "उशीर झालाय! व्याज चढतंय, व्याज!" असं ओरडत दाराकडे जवळजवळ पळालेच.

मी गॅस बारीक केला. फडताळातून दोन बशा काढल्या. मग माझ्यासाठीही एक काढली.