तेजाबाविना बॅटरी

सीताबर्डीतले गुणवंतराव बॅटरी जिभेने तपासायचे. दोन तारा जिभेला लावायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "रेडिओ दुपारपर्यंत वाजते, पुढं नाई." ते चुकलेले मी पाहिले नाहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी मात्र त्यांना पत्ता नसे.

रेडिओच्या बॅटऱ्या भरून देणं हा त्यांचा धंदा. मी चौथीतून शाळा सोडलेला, रत्नागिरीहून आलेला, मँगनीजच्या खाणीवर वजनं लिहिणारा. शहरात खोली कुणी देईना. गुणवंतरावांनी 'खाण' एवढंच ऐकलं आणि जात-गाव न विचारता मागची खोली दिली. बदल्यात मी फक्त दर रविवारी खाणीतले रुमालभर काळे दगड आणायचे.

लढाईमुळे शिसं मिळत नव्हतं. पण त्यांना ते नकोच होतं, आणि तेजाब, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड, तर मुळीच नको. त्या दगडाची भुकटी आणि नवसागराचं पाणी यांवर चालणारी बॅटरी त्यांना करायची होती. ती एकदा चाले. संपल्यावर पुन्हा भरत नसे.

"एकदा देनं कोनालेबी जमते गा," ते म्हणत. "रिकामं झाल्यावर परत भरलं पायजे."

शेजारचा शिंपी रोज विचारी, "काय गुणवंतराव, दगड शिजला का?"

"शिजून राहिला."

एका रविवारी उपकार फेडावेत म्हणून मी ते दगड वहिनींच्या, म्हणजे गुणवंतरावांच्या बायकोच्या, बादलीत चिंच लावून घासले. दिवाळीच्या भांड्यांसारखे लख्ख केले.

गुणवंतराव बघतच राहिले. "काहून घासले?"

"स्वच्छ दिसावेत म्हणून."

"अन् काळं कुठी गेलं?"

"बादलीत."

मनातल्या मनात मी वळकटी बांधली. त्यांनी पाणी निवळू दिलं, हळूच ओतून टाकलं. तळाशी काजळासारखा गाळ होता. तो बोटांत चोळत ते म्हणाले, "सहा महिने कुटून मले इतका बारीक नाई जमला. घासत जा गा तू."

त्या गाळाची बॅटरी संपली, पुन्हा भरली, आणि दिवा लागला. तिसऱ्यांदा भरली तेव्हा त्यांनी वहिनींना हाक मारली, "अवं, येतं का?"

वहिनी दारातच थांबल्या. "तेजाब नाई ना जी?"

"थेंब नाई."

त्यांनी पदराखालून डावा हात काढला. मला तो प्रथमच दिसला. कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी यायनं 'धर जरा' म्हणून बॅटरी देल्ली होती," त्यांनी मला सांगितलं, साखर संपल्याचं सांगावं तसं.

गुणवंतरावांनी बॅटरीचं झाकण काढलं, मनगटापर्यंत हात आतल्या पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. "बघ."

वहिनी पुढे आल्या. आधी दोन बोटं, मग तो हात. "गार लागते जी."

तेवढ्यात दिवा लाल झाला आणि विझला. मी ते सांगितलं नाही. पाठ दिव्याकडे करून गुणवंतराव एकच विचारत होते, "भाजत नाई ना? नाई ना भाजत?"