माले गावचा समुद्र

मुळशीच्या डोंगराखाली समुद्र आहे, हे जगात सर्वांत आधी मला कळलं!

सत्तावन्न सालची गोष्ट. मी माले गावच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. एकदा डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी प्यायलो, तर चक्क खारट! शाळेत आणून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले, तर पाणी ताकासारखं पांढरं! म्हणजे मीठच. इतक्या उंचावर मीठ येणार कुठून? खालून!

पुण्याच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना मी सहा पानी पत्र धाडलं. उत्तर आलं, "येत्या रविवारी येतो."

कुशाबा पाटील धावत आले. "मास्तर, समिंदर वर आला तर माझ्या भाताचं काय?"

"पाटील, आपलं गाव भूगोलाच्या पुस्तकात येणार!"

"पुस्तक ऱ्हाऊ द्या. भात ऱ्हाईल का तेवढं सांगा!"

त्यांची समजूत घालता घालता माझा घसा बसला. इकडे घरमालकीण गोजराबाई त्याच पाण्यात आमटी शिजवू लागल्या, मीठ न घालता!

नमुना शुद्ध राहावा म्हणून मी झऱ्याभोवती काटेरी कुंपण घातलं. धुळा धनगर मेंढरं घेऊन आला, तर त्यालाही हाकललं. "शास्त्राचं काम चाललंय! आठ दिवस इकडे फिरकायचं नाही!"

रविवारी प्राध्यापक धापा टाकत डोंगर चढले. अर्धं गाव मागे. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

"गोड आहे."

"पुन्हा घ्या, सर!"

पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. चौथ्यांदा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईनं सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाणी काचेसारखं स्वच्छ!

"अहो, गेल्या आठवड्यात खारट होतं!" मी रडायच्या बेतात.

"आता कसं हुईल खारट?" कुंपणापलीकडून धुळा ओरडला. "ह्या वरच्या धोंडीवर मी मेंढरांना चाटाया मीठ टाकतो. उरलंसुरलं पान्यात जातं. आठ दिस तुमी येऊच दिलं न्हाई!"

प्राध्यापक डोंगर उतरू लागले.

"भात वाचला!" पाटलांनी हात जोडले.

"तरीच म्हटलं, आमटी अशी आळणी का लागतीया!" गोजराबाई करवादल्या.

धुळाला मात्र माझी दया आली असावी. कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, सायेब परत यायचं असतील तर आदल्या दिशी सांगा. चांगलं पायलीभर टाकतो!"

लाज वाटते सांगायला, पण मी मनातल्या मनात पुढच्या रविवारची तारीख काढत होतो!