वाचनालयापासून दोन किलोमीटर

"लोक उगाच लांबलांबच्या शिष्यवृत्त्यांमागे धावतात," बाबांनी जेवताना जाहीर केलं. "एक आपल्या शेजारीच पडलेली असते. वाकून उचलायची फक्त."

शेजारची म्हणजे वाचनालयाची. विज्ञान शाखेला प्रवेश मिळालेल्या एका मुलीची तीन वर्षांची फी वाचनालय भरणार होतं. अट एकच, घर तिथून रस्त्याने दोन किलोमीटरच्या आत हवं. शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर लेकीने मावशीच्या औषधाच्या दुकानात बसायचं आणि कॉलेजचं पुढच्या वर्षी बघायचं, असं घरात ठरलं होतं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. घराला रंग द्यायचंही सहा वर्षं पुढच्याच वर्षी चाललं होतं.

दुसऱ्या कुणी अर्जात "अंदाजे पावणेदोन" लिहून पाकीट चिकटवलं असतं. पण बाबा जमीन मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. "अंदाजे" हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता. रविवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून तीस मीटरची साखळी काढली, एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि दोघं रस्त्याच्या कडेने निघाली. वाटेत दुकानांची बाकडी, पायऱ्या, दुरुस्तीला आलेल्या सायकली. प्रत्येकाला वळसा.

"मोजणीसाहेब, आज काय काढलंत?" सलूनवाल्याने विचारलं.

बाबांनी नुसता हात वर केला. मोजताना ते बोलत नसत; आकडा चुकतो.

तेवढं न बोलणं पुरलं. दोघं पुढे सरकली आणि त्यांच्या पाठीमागे बातमी दुकानादुकानांत शिरली, रस्ता रुंद होतोय.

वाचनालयाच्या दाराशी हिशेब झाला. सदुसष्ट साखळ्या आणि चार मीटर. म्हणजे दोन हजार चौदा.

"चौदा मीटर कोण बघतंय, बाबा?"

"मी बघतोय."

तिच्या डोळ्यांसमोर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रांगेने उभ्या राहिल्या.

पण खात्याच्या शिस्तीप्रमाणे जाताना मोजलेलं येतानाही मोजायचं असतं. परत फिरली, तर रस्ता ओळखू येईना. बाकडी गायब. सायकली आत. फर्निचरवाले काका चार माणसं लावून स्वतःचीच सिमेंटची पायरी पहारीने उखडत होते.

"साहेब, आमचं काही पुढे आलेलं नाही हं," ते घाम पुसत म्हणाले. "ही पायरी आधीच सैल होती."

"वळशाची गरजच नाही आता," बाबा पुटपुटले आणि साखळी सरळ ताणली. घराच्या उंबऱ्याशी आकडा आला, एकोणीसशे चौऱ्याण्णव.

बाबा मटकन ओट्यावर बसले. "वीस मीटरचा फरक! एकतीस वर्षांत वीस सेंटिमीटरचा आला नव्हता." मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "नियमाने सरासरी घ्यायची. दोन हजार चार."

"बाबा, एकाच रस्त्याची दोन मापं असतील तर सरासरी," लेक म्हणाली. "हे दोन वेगळे रस्ते आहेत. सकाळचा आता उरलाच नाही."

 बाबांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. "लिही. एकोणीसशे चौऱ्याण्णव. आणि मोजल्याची वेळ घाल."

संध्याकाळपर्यंत बाकडी बाहेर आली होती. पायरीला मात्र आठवडा लागला.

बावीस वर्षांनी, पदार्थविज्ञान शिकवता शिकवता तिचे केस पिकू लागल्यावर, त्याच वाचनालयाने तिला निवड समितीवर बोलावलं. जुन्या फायली चाळताना तिला स्वतःचा अर्ज सापडला. बाबांनी जोडलेला नकाशा घडीही न मोडता तसाच होता. कोपऱ्यात तेव्हाच्या कार्यवाहांचा पेन्सिलीतला शेरा होता, "अंतर पाहिले नाही. अर्ज एकच आला. मंजूर."

बाबा अजूनही घरी येईल त्याला त्या वीस मीटरांची गोष्ट ऐकवतात. मधला एखादा आकडा अडला, तर ती आतून ओरडून सांगते.