गायधनींच्या दारातला स्पीडब्रेकर

इराने तक्रार केली नसती तर हे काहीच झालं नसतं. पण इरा एम.ए. होती आणि तिच्या फोनमध्ये महापालिकेचं ॲप होतं.

त्याचं असं झालं, की हायवेवर पुलाचं काम निघालं आणि पिंपळगावच्या टेम्पोवाल्यांना शोध लागला, की सुयोग कॉलनीतून घुसलं तर एक सिग्नल वाचतो. हंगाम द्राक्षांचा. टेम्पो रिकामे क्रेट घेऊन जायचे, भरलेले घेऊन यायचे, आणि जाता-येता कॉलनीच्या वळणावर हॉर्न वाजवायचे, कारण वळणावर ज्येष्ठ नागरिक उभे असायचे. ज्येष्ठ नागरिक तिथे का उभे असायचे, तर टेम्पो किती वाढलेत ते बघायला.

इतरांना या आवाजाचा नुसता त्रास होता. इराचं मात्र करिअर पणाला लागलं होतं, आणि ते करिअर सध्या गाद्यांच्या कपाटात होतं. (खरोखरच.) पुण्याची एक कंपनी मराठी कादंबऱ्या वाचून घेऊन त्यांची ऑडिओबुक्स काढायची. त्यांनी इराला चाचणीसाठी एक प्रकरण पाठवलं होतं. ते घरी रेकॉर्ड करायचं, अट एकच, मागे दुसरा कुठलाही आवाज नको. वरच्या खोलीतल्या कपाटात, खाली गादी, बाजूला गोधड्या, अशी व्यवस्था करून इरा तिथे माइक घेऊन बसायची. महिनाअखेरपर्यंत चाचणी पास झाली तर काम तिचं. नाही झाली तर त्यानंतरच्या सोमवारपासून अप्पांच्या मित्राच्या पतसंस्थेत काउंटरवर. अप्पांनी मित्राला होकार कळवूनही टाकला होता. काम चांगलं आहे, बसून असतं, असं ते म्हणाले. कपाटातही बसूनच असतं, असं इरा म्हणाली. त्यावर अप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

अप्पा म्हणजे इराचे वडील, ढुंढिराज गायधनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष होते. संघाचं काम संध्याकाळी वळणावर चालायचं.

पहिलं रेकॉर्डिंग परत आलं. संपादिका पल्लवी मॅडम सभ्य बाई होत्या. आवाज छान आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण नायिका विहिरीवर एकटी आहे असं लेखक म्हणतो, आणि तिच्या मागून टेम्पो जातो.

तेव्हा इराने ॲप उघडलं. त्यात रस्ते होते, पाणी होतं, दिवे होते, डास होते, मोकाट जनावरं होती. आवाज नव्हता. आवाज पोलिसांकडे येतो, असं हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं. (त्यांच्या मागे काहीही ऐकू येत नव्हतं. इराला हेवा वाटला.) पोलिसांकडे जायचं म्हणजे अप्पांना कळणार, मग संघाची बैठक होणार, मग ठराव. त्यापेक्षा इराने 'भरधाव वाहने' यावर बोट ठेवलं आणि खाली लिहिलं, की ज्येष्ठ नागरिकांच्या जिवाला धोका आहे. खरं तर त्या वळणावर टेम्पो बैलगाडीच्या वेगाने जायचे. पण शिकलेल्या माणसाने तक्रार लिहायला घेतली की ती जरा चांगलीच लिहिली जाते.

महापालिका दखल घेणार नाही, असा इराचा अंदाज होता. तो चुकला. दोन दिवसांत कनिष्ठ अभियंता दिनेश बागूल टेप घेऊन हजर झाले. तरुण माणूस, कामाला वाघ. वळणाच्या अलीकडे स्पीडब्रेकर टाकू म्हणाले, फक्त कुणाच्या दारात ते ठरवा.

इथे हे सांगायला हवं, की कुठल्याही शहाण्या वस्तीत लोक स्पीडब्रेकर दुसऱ्याच्या दारात ढकलतात. सुयोग कॉलनीत उलटं झालं. शेजारच्या रावजी पवारांच्या दारात आधीपासून महापालिकेचा दिवा होता, महापालिकेचं बाक होतं आणि महापालिकेने जाळी लावलेलं झाड होतं. अप्पांच्या दारात नुसतं चेंबरचं झाकण होतं. हे शल्य जुनं होतं. त्यामुळे रावजीकाका पुढे होऊन "साहेब, आमच्याकडंच टाका, कळवणहून पावणे येतात, त्यांनाबी दिसंल," असं म्हणाले, तेव्हा अप्पा चप्पल न घालता बाहेर आले.

"मागणी आमच्या घरातून गेलेली आहे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, दारात आवाज होतो. लोक नको म्हणतात," बागूल म्हणाले.

"लोकांचं सोडा."

इराने गॅलरीतून ओरडून सांगायचा प्रयत्न केला, की तिला स्पीडब्रेकर नको, तिला शांतता हवीय. मोठी माणसं बोलतायत, असं उत्तर खालून आलं. रावजीकाका आणि अप्पा दोघांनी एकाच वेळी दिलं. त्या आठवड्यात त्यांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

स्पीडब्रेकर अप्पांच्या दारात झाला. झाला तो झाला, त्याचं लोकार्पणही झालं. गेटवर फ्लेक्स लागला, 'ढुंढिराज (अप्पा) गायधनी यांच्या अथक पाठपुराव्याने साकारलेला गतिरोधक', त्यावर अप्पांचा लग्नातल्या कोटातला फोटो. हळदकुंकू वाहून अप्पांनी नारळ उचलला आणि थेट स्पीडब्रेकरवर हाणला. डांबर सकाळचंच होतं. नारळ फुटला नाही, रुतला. तो काढायला कामगारांना पहार लागली आणि मागे छानसा वाटीएवढा खळगा राहिला. अप्पा म्हणाले, शुभ असतं. बागूलांनी फोटो काढून ॲपवर टाकला आणि इराच्या तक्रारीपुढे 'निराकरण झाले' असं हिरव्या अक्षरांत उमटलं. फोटोत अप्पा पेढा खात होते.

आता आधी टेम्पो फक्त हॉर्न वाजवायचा. यानंतर तो हॉर्न वाजवायचा, ब्रेक मारायचा, चढायचा, उतरायचा, मग सगळे क्रेट एकदा हवेत जाऊन परत जागेवर बसायचे, आणि शेवटी ड्रायव्हर काहीतरी म्हणायचा. ते काहीतरी दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आलं. सासऱ्यांच्या तोंडी मूळ पुस्तकात ही शिवी नाही, असं पल्लवी मॅडमनी कळवलं.

इराने अप्पांना सांगितलं, हे काढून घ्या. अप्पांनी तिला फ्लेक्सकडे बोट दाखवलं. स्वतःच्या नावाचं काम माणूस स्वतः कसं उखडेल? तिने बागूलांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, काढू की, पण ज्यांनी मागितला त्यांनी काढा म्हणायला पाहिजे. मागितला मी, इरा म्हणाली. पण फोटो अप्पांचा आहे, बागूल म्हणाले.

दरम्यान रावजीकाका रोज सकाळी गाडी धुवायचे. ते पाणी पूर्वी उताराने वाहून जायचं. आता ते स्पीडब्रेकरला येऊन थांबायचं, आणि जे थांबायचं नाही ते खळग्यात बसायचं. डास झाले. या वेळी तक्रार इराच्या आईने केली, आणि महापालिकेने तीही घेतली. (या कॉलनीत महापालिका कमी पडली असं कुणी म्हणू नये.) धूरफवारणीची गाडी आली, तेव्हा इरा कपाटात तिसऱ्यांदा विहिरीपर्यंत पोहोचली होती. मशीनचा आवाज आधी आला, धूर मागून. ती गोधडी तोंडाला लावून बाहेर पडली. आई म्हणाली, बरं झालं, कपाटातले ढेकूणही गेले असतील. कपाटात ढेकूण होते, हे इराला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मलेरिया विभागाच्या छायाताई पाहणीला आल्या. त्यांनी कुंड्या पाहिल्या, टाक्या पाहिल्या, काही सापडलं नाही. परत जाताना त्या स्पीडब्रेकरपाशी थबकल्या, वाकल्या, आणि खळग्यातलं पाणी पळीत घेऊन उन्हात धरलं. पळीत अळ्या नाचत होत्या.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

रस्त्यावरचा खड्डा कुणाचा असतो? जगात कुठेही या प्रश्नाचं उत्तर माणूस देत नाही. अप्पाही देणार नव्हते. पण रावजीकाका कुंपणाला रेलून उभे होते, आणि ते सावकाश म्हणाले, "नाव लिहेल हाय की ताई. फोटो पण हाय."

छायाताईंनी फ्लेक्स वाचला. मग अप्पांकडे पाहिलं. "अप्पा, तुमचाच ना हा?"

अप्पांनी रावजीकाकांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर श्रेय जातं, हो म्हणावं तर नोटीस येते. अप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"माझाच," ते म्हणाले.

डासांची पैदास केल्याबद्दल नोटीस ढुंढिराज गायधनी यांच्या नावाने निघाली. ती त्यांनी देवघरात ठेवली.

आता तरी काढाल ना, असं इराने विचारलं. नोटीस डासांची आहे, गतिरोधकाची नाही, असं अप्पा म्हणाले, आणि खळग्यात चमचाभर रॉकेल टाकून आले. महिना संपायला आला होता. पतसंस्थेच्या मित्राचा फोन येऊन गेला होता, मुलीला साडी नेसायची सवय आहे का म्हणून. इराने ठरवलं, की या माणसांशी तर्काने बोलण्यात आपलं पूर्ण शिक्षण वाया गेलं. यांच्याशी यांच्याच पद्धतीने बोललं पाहिजे.

सकाळच्या चहाला ती सहज म्हणाली, की रावजीकाका स्पीडब्रेकर काढून घेणार आहेत. त्यांनी फ्लेक्सवाल्याला मजकूरही दिलाय, 'रावजी पवार यांच्या प्रयत्नातून गतिरोधकमुक्त कॉलनी'. नारळ कळवणहून येतोय.

हे धादांत खोटं होतं. पण अप्पांनी कप खाली ठेवला, चष्मा शोधला आणि चहा तसाच टाकून विभागीय कार्यालय गाठलं. कार्यालय उघडायचं होतं. ते पायरीवर बसून राहिले. बागूल स्कूटर लावत होते तेवढ्यात अप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, मागणीकर्ता मी, काढा म्हणणाराही मीच, आजच्या तारखेला लिहून घ्या.

शनिवारी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, डांबर फोडायचं मशीन आलं. दोन्ही टोकांना बॅरिकेड लागले. टेम्पो पलीकडच्या गल्लीतून वळवले. हे सगळं छान होतं, फक्त मशीन चालू झाल्यावर गायधनींच्या घरातली भांडी मांडणीवरून चालत कडेला आली. इरा कपाटात गुडघ्यांत डोकं घालून बसली. संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. पुण्याहून पल्लवी मॅडमचा निरोप होता, आज नाही आलं तर दुसऱ्या मुलीला देते, वाईट वाटून घेऊ नकोस.

दुपारी जेवणाच्या सुमारास मशीन थांबलं. इराने वाट पाहिली. ते पुन्हा सुरू होईना. तिने वाचायला सुरुवात केली, एक पान झालं, दोन झाली, तरी शांतता. टेम्पो नाही, हॉर्न नाही, मशीन नाही. ज्येष्ठ नागरिकांची बडबडसुद्धा नाही. तिने पंखा बंद केला. नायिका विहिरीवर गेली, आली, सासू तिला टोचून बोलली, आणि शेवटी माजघरात तिने नवऱ्याच्या कानाशी लागून, दबक्या स्वरात, आपण हे घर सोडून जाऊया असं सांगितलं. इतकं सुंदर आपण कधी वाचलं नव्हतं, हे इराला वाचतानाच कळत होतं. फाइल पाठवून ती घामाघूम बाहेर आली आणि गॅलरीत गेली.

खाली मशीन आडवं पडलं होतं. अर्धा स्पीडब्रेकर फुटलेला, अर्धा शाबूत. कामगार फुटपाथवर डबे सोडून बसले होते, डबे तसेच. रावजीकाकांच्या बाकावर रावजीकाका, बागूल आणि अप्पा चिकटून बसले होते. तिघांनी माना वर केल्या.

"थांबलीस का?" अप्पांनी विचारलं. "मीच मशीन पुन्हा सुरू करू दिलं नाही. नीट ऐकू आलं नसतं."

"पोरी, लय भारी," रावजीकाका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "जाऊ दे त्यांना. ती सासू नाय सुधरायची."

बागूल म्हणाले, "मॅडम, पुढचं आज आहे का? मशीन भाड्याचं आहे, नाहीतर उरलेलं फोडून घेतो."

इराला त्या माणसांचा पहिल्यांदाच राग आला नाही. तिच्या मनात आलं, पहिल्या मजल्यावरच्या कपाटातून, बंद खिडकीतून, रस्त्यापर्यंत पोहोचणारी कला असावी लागते. हा विचार तिने आणखी थोडा पुढे नेला असता तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"इरा, रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ आहे," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "मागे काहीही ऐकू येत नाही."

"थँक यू, मॅडम."

"हो. आणि बरं, एवढं ओरडू नकोस. मी फोन कानापासून लांब धरलाय. तेच विचारायचं होतं. ती नवऱ्याच्या कानात गुपित सांगते ना, ते तू गावभर का सांगितलंस?"

इराने समजावून सांगायचा प्रयत्न केला, की महिनाभर टेम्पोंच्या वरताण वाचावं लागलं, आता आवाज खाली कसा आणायचा हेच तिला कळत नाहीये. हे तिने इतकं कळकळीने सांगितलं, की पलीकडच्या गल्लीतला एक टेम्पोवाला कोण हाक मारतंय म्हणून थांबला. पल्लवी मॅडमनी शुभेच्छा दिल्या. दुसरी मुलगी संगमनेरची होती आणि तिच्याकडे रस्ताच नव्हता.

सोमवारी इरा साडी नेसून पतसंस्थेच्या काउंटरवर बसली. ठेवीदारांचे नंबर पुकारायला तिथे एक माइक आणि भिंतीवर दोन स्पीकर होते. दुपारच्या चहाच्या आधी मॅनेजरांनी ते काढून कपाटात ठेवले, आणि मग इराची खुर्ची जिन्याकडे सरकवली.